‘जैसे थे’ नको

तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या कोपरामुळे. पाचवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर ती आणि आणखी एक मुलगी शेजारी बसायच्या. लिहायला सुरुवात झाली की दोघींची कोपरं एकमेकींना लागायची, कारण शेजारची उजव्या हातानं लिहायची आणि ही डाव्या. शेजारची रोज कुरकुरायची, "बाई, ही ढोसते." ही मान वर न करता म्हणायची, "तीपण ढोसते. मी सांगते का?"

मी दोघींच्या जागांची अदलाबदल केली आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. आमच्या मुख्याध्यापकांचा मिटला नाही. डावा हात ही मुलाला लागलेली वाईट खोड आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. खोडी मोडण्यासाठी आपला जन्म झाला आहे, याबद्दलही त्यांना शंका नव्हती. सहामाहीपर्यंत उजव्या हातानं लिहिता आलं पाहिजे, असं त्यांनी तिला बजावलं. मी मध्ये पडून पाहिलं, पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हते. मुलगी घरी बसून उजव्या हातानं पानंच्या पानं लिहीत राहिली आणि सहामाहीच्या आधी त्यातलं एक पान घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मीही तिथेच होते. अक्षर स्वच्छ होतं. मुख्याध्यापक खूश झाले, शाबासकी द्यायला त्यांनी हातसुद्धा उचलला. तेवढ्यात तिनं टेबलावरची पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि पानाच्या खाली आपलं नाव लिहिलं.

"हे काय?"

"आता दोन्ही येतात, सर. कुठल्यानं लिहायचं ते मी बघीन."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. बाहेर ऊन आहे, हे सांगावं तशी ती बोलली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. ही गोष्ट मधल्या सुट्टीत शाळाभर झाली आणि मुलांनी तिचं नाव डावरी ठेवलं. तिची पन्नाशी उलटून गेली तरी आमच्या गल्लीत ते नाव चालतं. तिला त्याचा राग नाही. फोनवरसुद्धा ती "मी डावरी बोलतेय" असंच सांगते.

शाळेच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचा ब्रशांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांबट खोली होती. छपराला एक काच बसवली होती आणि दुपारी तिच्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा. त्या चौकोनाबरोबर डावरीची आत्या आपलं स्टूल सरकवत न्यायची. आत्याचं काम ब्रशांचे केस निवडायचं. आखूड एका पेटीत, लांब दुसरीत, वाकडे खाली जमिनीवर. बाटल्या आणि नळ्या आतून घासायचे ब्रश तिथं बनायचे. तार दुमडायची, दुमडीत केस पसरायचे, तारेचं एक टोक पकडीत धरायचं, दुसरं आकड्यात अडकवायचं आणि हँडल फिरवायचं. तार पिळली जाते, केस तिच्यात घट्ट अडकतात आणि चारी बाजूंनी फुलतात. पाहायला फार छान वाटतं. शाळा सुटल्यावर मी कितीदा तरी दारात उभी राहून ते पाहिलं आहे.

ते यंत्र वडिलांनी स्वतः जुळवलं होतं. तेही डावरे. त्यामुळे हँडल डाव्या अंगाला, चाकं त्या हिशेबानं, आणि तारेचा पीळ इतर सगळ्या ब्रशांच्या उलटा. त्यात काही युक्ती होती असं नाही. त्या माणसाला तसंच सोयीचं होतं, एवढंच. पण दूध डेअऱ्यांमधली बाटल्या धुवायची जुनी यंत्रं ज्या दिशेनं फिरायची, त्या दिशेनं साधा ब्रश हळूहळू सैल पडायचा आणि केस गाळायचा. डाव्या पिळाचा ब्रश उलट घट्ट होत जायचा. डेअरीवाल्यांना हे आपोआप कळलं. ते "डावा ब्रश द्या" म्हणून मागायला लागले आणि त्या एका खोलीवर सगळं घर उभं राहिलं.

वडील गेल्यावर डावरी यंत्रावर बसली. धाकटा भाऊ हिशेब आणि गिऱ्हाइकं पाहू लागला. त्यानंच कारखान्याची रीतसर कंपनी केली, पाटी रंगवली, कागदांवर छापील नाव आलं. "कंपनी झालो म्हणजे काय झालो रे?" असं आत्यानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आता आपल्यावर कुणालाही खटला भरता येईल." तो गमतीनं बोलला होता.

एक मोठी कंपनी त्यांच्याकडून ब्रश घ्यायची आणि आपल्या खोक्यात घालून विकायची. बरीच वर्षं सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग त्या कंपनीनं गुपचूप डाव्या पिळाचा ब्रश आपल्याच नावावर नोंदवून टाकला, स्वतः बनवायला लागली आणि वर डावरीच्या कंपनीवर दावा लावला, की हे लोक आमच्या ब्रशाची नक्कल करतात.

गल्लीत हे कळलं तेव्हा लोक आधी हसलेच. आत्या म्हणाली, "उद्या म्हणतील, ही पोरगीपण आमचीच." पण खालच्या कोर्टात हसण्यासारखं काही घडलं नाही. नोंद त्यांची होती. वडिलांनी आयुष्यात कशाचीच नोंद केली नव्हती. डाव्या हातानं काम करायला नोंद लागते, हे त्यांना कोण सांगणार? निकाल मोठ्या कंपनीच्या बाजूनं लागला.

डावरीनं वरच्या कोर्टात अपील केलं. तिचे वकील सज्जन गृहस्थ, हळू बोलणारे. बोलताना चष्मा पुसायचे आणि पुसून झाला की तो पुन्हा खिशातच ठेवायचे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’ राहावं, असा हुकूम त्यांनी मिळवून दिला. म्हणजे तोवर डावरीनं तोच ब्रश त्याच यंत्रावर बनवावा, कुणी अडवू नये. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना तिच्याकडून चहा. आत्यानं यंत्राच्या हँडलला फडकं मारलं आणि म्हणाली, "बस बाई, आता तुला कोणी हलवत नाही."

ते शब्द जरा जास्तच खरे ठरले. यंत्र हाच या भांडणातला मोठा पुरावा होता. वडिलांनी ते केव्हा आणि कसं बनवलं, हे वरच्या कोर्टाला पाहायचं होतं. त्यामुळे वकिलांनीच हुकुमात घालून घेतलं होतं की यंत्रात आणि मालात कसलाही बदल करायचा नाही. विरुद्ध बाजूच्या कुणी मोडतोड करू नये, म्हणून ही काळजी. कारखान्यातल्या सगळ्यांनी तेव्हा माना डोलावल्या. यंत्राचं आतलं दातेरी चाक झिजत आलंय, हे डावरीला माहीत होतं. पण ते दरवर्षीच झिजायचं आणि ती दरवर्षीच बदलायची. त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलं. तिनं ते वकिलांना सांगितलंच नाही, आणि त्यांना तरी ते विचारायचं कसं सुचावं?

चाक बदलायची वेळ आली तेव्हा तिनं सहज फोन केला. वकील जवळजवळ ओरडलेच. "हात लावू नका! एक स्क्रूसुद्धा काढू नका. ते म्हणतील, पुरावा बदलला."

"अहो, चाक बदलायचंय, यंत्र नाही."

"कोर्टात परवानगी मागू. पुढच्या तारखेला."

पुढच्या तारखेला समोरच्यांनी मुदत मागितली. त्याच्या पुढच्या तारखेला त्यांचा साहेब आजारी होता. मग त्यांना कागद सापडत नव्हते. परवानगीचा अर्ज तसाच पडून राहिला. इकडे झिजलेलं चाक दात सोडायला लागलं. पीळ मध्येच घट्ट, मध्येच ढिला. केस गळू लागले. एका डेअरीतून धुतलेल्या बाटलीत सापडलेला केस पुडीत बांधून परत आला. आत्यानं तो उजेडात धरून पाहिला. "आपलाच आहे," ती म्हणाली आणि पुढे दिवसभर कुणाशी बोलली नाही. आत्या गप्प बसली की कारखान्यात करमत नसे.

त्याच सुमाराला डेअऱ्यांनी नवी यंत्रं घ्यायला सुरुवात केली होती. ती जुन्यांच्या उलट फिरायची. त्यांना आता उजव्या पिळाचा ब्रश हवा होता, अगदी चारचौघांसारखा, पण डावरीच्या हातचा. दोन-तीन डेअरीवाले स्वतः येऊन विचारून गेले. तिला तो करता येत नव्हता. मालात बदल करायचा नाही, हाही हुकुमातलाच भाग. शिवाय वकिलांनी बजावलं होतं, "तुम्ही उजवा पीळ केलात तर ते विचारतील, मग डाव्यासाठी एवढं भांडता कशाला?"

एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी निवृत्त होऊन त्या गल्लीतच राहते, कारखान्याच्या समोर. जिन्याच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "बाई, मी काय मागून घेतलं माहितीये का? मला बांधून ठेवा म्हणून मीच अर्ज केला."

"वकील काय म्हणतात?"

"म्हणतात, अपील भक्कम आहे. असेल. पण त्या लोकांना निकाल नकोय हो, त्यांना तारखा हव्यात. मी जिंकेपर्यंत कारखाना असायला तर हवा."

मग मोठ्या कंपनीचा माणूस आला. आत्यानं त्याचं नाव लोणीसाहेब ठेवलं होतं. त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कागद वाचायला कुणीतरी असावं, असं डावरीचं म्हणणं. खोलीत भाऊ होता, आत्या स्टुलावर, आणि डावरी बंद यंत्राला टेकून उभी.

लोणीसाहेब म्हणाला, "ताई, भांडून कुणाचं भलं झालंय? तुम्ही अपील मागे घ्या, आपण तडजोड करू. ब्रश तुम्हीच बनवा. आमच्यासाठी बनवा. चाक काय, आम्ही नवं यंत्र देऊ. दादांना आमच्याकडे चांगली जागा देऊ."

"आणि मला?" आत्यानं विचारलं. "मला काय देणार? लोणी?"

भावानं तिला डोळ्यांनी दटावलं. मी कागद वाचत होते. तिसऱ्या पानावर एक कलम होतं. डाव्या पिळाचा ब्रश मूळचा मोठ्या कंपनीचाच असून डावरीच्या वडिलांनी तो त्यांच्या सांगण्यावरून बनवला, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मी ते मोठ्यानं वाचलं.

लोणीसाहेब घाईनं म्हणाला, "ती नुसती कायद्याची भाषा असते हो. तसं कुणी वाचत नाही."

"आमच्या बाईंनी वाचलं की," डावरी म्हणाली.

"ताई, तुम्ही भावनेच्या भरात—"

"भर-बिर काही नाही. तुमची कंपनी निघायच्या आधी माझे बाबा हे हँडल फिरवत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा हात तसा होता. या कागदावर मी कुठल्याच हातानं सही करणार नाही. चहा घेऊन जा."

तो गेल्यावर भावाचा बांध फुटला. "ताई, तुला कळतंय का? अपील चालवलंस तर उपाशी मरू. सही नाही केलीस तर तेही दार बंद. बाबा गेले! त्यांना आता काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"मग काय करणार आहेस?"

"अपील मागे घेणार."

आत्याच्या हातातली केसांची जुडी तशीच राहिली.

"बये, मग त्याला हाकललंस कशाला?" आत्या म्हणाली.

"त्याला मी अपील विकत नव्हते म्हणून. मागे घ्यायला त्याची परवानगी कशाला लागते? मी केलं, मी घेते. सही नाही, तडजोड नाही, त्यांचं यंत्र नको, त्यांची जागा नको. डावा पीळ त्यांनी ठेवावा. कोर्टानं दिलाय ना त्यांना? ठेवा म्हणावं कपाटात. मी उजवा करीन."

"म्हणजे हरलो," भाऊ म्हणाला.

"हरलो तर हरलो. बांधून घेऊन बसण्यापेक्षा हरून मोकळं झालेलं परवडलं."

भाऊ चपला पायात सरकवून निघून गेला. आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उजव्याला केस जरा आखूड लागतील." आणि तिनं पेट्या हलवायला घेतल्या.

वकिलांना मात्र ते फार लागलं. त्यांनी मनापासून मेहनत केली होती. चष्मा पुसून पुसून त्यांनी विचारलं, "ताई, नीट समजून घेताय ना? अपील मागे घेतलं की खालचा निकाल कायम. डावा ब्रश तुम्हाला पुन्हा बनवता येणार नाही. कधीच."

"समजलं. पण मागे घेतल्यानं मी त्यांचं म्हणणं कबूल केलं, असं होतं का?"

"नाही. कबुली काही नाही. तुम्ही फक्त पुढे चालवत नाही."

"बस. तेवढंच हवंय."

वकिलांकडून माझ्यासोबत घरी परतताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. डाव्या हाताची मूठ मांडीवर होती आणि ती हलकेच गोल फिरत होती, हँडलवर फिरते तशी.

कोर्टात मी तिच्यासोबत गेले. भाऊ आला नाही. कोर्टाची खोली साधी, पंखा आवाज करणारा, मागच्या बाकांवर दुसऱ्या खटल्यांची माणसं डुलक्या काढत बसलेली. आमच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की अपील मागे घेण्याची परवानगी असावी. न्यायाधीश बाईंनी मान वर केली आणि थेट डावरीला विचारलं, "कुणी दबाव आणलाय का?"

"नाही."

"मग आता का?"

"मला काम करायचंय."

न्यायाधीश बाई लिहायला लागल्या. तेवढ्यात समोरचे वकील चपळाईनं उठले. उभयपक्षी प्रश्न सामोपचारानं मिटला आहे, अशी नोंद व्हावी, असं त्यांनी म्हटलं. बोलताना ते हसतमुख होते. आमचे वकील चष्मा शोधत होते. डावरी जागेवरून उठली. तसं उठायचं नसतं, हे मलाही कळत होतं. मी तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"सामोपचार झालेला नाही," ती म्हणाली. "त्यांनी कागद आणला होता, मी सही केलेली नाही. मला त्यांचं म्हणणं मान्य नाही. कालही नव्हतं, उद्याही नसेल. मी फक्त अपील मागे घेतेय. लिहायचं असेल तर तेवढंच लिहा. नाहीतर मी मागे घेत नाही, तारखा देत बसा."

मागच्या बाकावरचा एक डुलकी घेणारा जागा झाला. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. आता रागावतात की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "तडजोडीचा सही झालेला कागद आहे?"

"तसा... चर्चा झाली होती."

"सही आहे?"

"नाही."

"मग बसा."

हुकूम अगदी लहान झाला. अपीलकर्त्या कंपनीनं स्वतःहून अपील मागे घेतलं, ते निकाली काढलं, खर्च ज्याचा त्यानं सोसायचा. तडजोडीचा शब्द त्यात कुठं नव्हता. व्हरांड्यात डावरीनं तो वकिलांकडून दोनदा वाचून घेतला. लोणीसाहेब जवळून जाताना म्हणाला, "ताई, जिंकलो आम्ही, आणि ताठा तुमचा."

"मग तुम्हाला त्रास काय होतोय?" ती म्हणाली.

त्याच दुपारी तिनं यंत्र उघडलं. आत्या पाना घेऊन शेजारी आणि दारात अर्धी गल्ली. झिजलेलं चाक निघालं. त्याच्या जागी नवं बसलं, त्याच्यासोबत आणखी एक छोटं, म्हणजे आकडा उलटा फिरावा. हँडल डाव्या अंगाचं उजव्या अंगाला आलं. वडिलांच्या हातानं गुळगुळीत झालेली लाकडी मूठ मात्र तिनं तीच ठेवली. पहिला ब्रश वाकडा झाला. आत्यानं तो नाकासमोर धरून सांगितलं की याच्यानं फक्त नवऱ्याची पाठ घासता येईल. चौथा-पाचवा चांगला निघाला. तो घेऊन ती माझ्याकडे आली आणि माझ्या पाण्याच्या बाटलीत घालून फिरवला. एकही केस गळला नाही.

पुढचं सगळं छान झालं, असं मी लिहिणार नाही. जुन्या डेअऱ्यांतल्या काहींनी मोठ्या कंपनीचा डावा ब्रश घेतला तो घेतलाच. उजव्या पिळाचे ब्रश सगळेच बनवतात, त्यांच्यात तिला नव्यानं उभं राहावं लागलं. भाऊ वर्षभर बोलत नव्हता आणि त्यानं शेवटी मोठ्या कंपनीतच नोकरी धरली. आता तो रविवारी जेवायला येतो. जेवताना ब्रशाचा विषय निघत नाही. निघालाच तर आत्या "भात वाढू का?" म्हणून विचारते.

मागे एकदा आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. एका दुकानात मोठ्या कंपनीचा डावा ब्रश टांगलेला दिसला. तिनं तो काढून हातात घेतला, केसांवरून अंगठा फिरवला, पीळ उजेडात पाहिला.

"कसाय?" मी विचारलं.

"चांगलाय. बाबांचा आहे ना." तिनं तो पुन्हा खुंटीला अडकवला. दुकानदारानं विचारलं, "देऊ का?" ती म्हणाली, "नको, यांचा पीळ मला घरी चालत नाही."

सध्या तिचा उजवा खांदा दुखतो. डॉक्टरांनी तिला यंत्रावर बसायची मनाई केली आहे. ती रोज सकाळी बसते.